जीटीए खेळायचंय, पण सुरुवात कोणत्या भागापासून?

सायबर कॅफेच्या काळात शाळा-कॉलेज केलेल्या पिढीला जीटीए, म्हणजे ‘ग्रँड थेफ्ट ऑटो’ या व्हिडिओ गेम मालिकेतल्या ‘व्हाइस सिटी’चे चीट कोड आजही तोंडपाठ असतात. ‘पॅन्झर’ टाइप केलं की समोर रणगाडा, ‘लीव्ह मी अलोन’ टाइप केलं की पोलीस मागे हटले. पण गेमचा नायक टॉमी व्हर्सेटी त्या शहरात आला कशासाठी, त्याला पाठवलं कोणी, त्याच्या मानेवर कोणाच्या पैशांचं ओझं होतं, हे विचारलं तर फार थोड्यांना सांगता येतं. तासावर भाडं भरून बसलेलं पोर मिशन करत बसणार की गाड्या पळवणार, हे उघड होतं. त्यामुळे आपल्याकडे जीटीए हाताळलेले पुष्कळ सापडतात, त्यातली एखादी गोष्ट शेवटपर्यंत पाहिलेले कमी.

हे लिखाण दोघांसाठी आहे: ज्यांनी या मालिकेला कधी हात लावलेला नाही त्यांच्यासाठी, आणि ज्यांनी नुसती भटकंती केली त्यांच्यासाठीही. माझा सल्ला असा की सगळे भाग पहिल्यापासून खेळायचा संकल्प सोडा. एकच भाग निवडा आणि त्याची कथा पूर्ण करा. तो कोणता, हे तुमचं यंत्र, तुमचा वेळ आणि तुमचा स्वभाव यांवर ठरेल.

पायरी १: क्रमांकापेक्षा ‘विश्व’ ओळखा

पहिला जीटीए १९९७ साली आला. स्कॉटलंडमधल्या डंडी शहरातल्या डीएमए डिझाइन या कंपनीने तो बनवला होता. तीच कंपनी पुढे रॉकस्टार नॉर्थ झाली. त्या पहिल्या गेममध्ये आणि १९९९च्या दुसऱ्यात शहर वरून, गच्चीतून खाली पाहावं तसं दिसायचं. आज कुतूहल म्हणून ते थोडा वेळ पाहायला हरकत नाही, पण मालिकेची सुरुवात म्हणून त्यांचा विचारही करू नका. पुढच्या कोणत्याही कथेसाठी त्यांची गरज पडत नाही.

खरा बदल २००१च्या ‘जीटीए ३’ने घडवला. कॅमेरा रस्त्यावर उतरला आणि शहर तुमच्या भोवती उभं राहिलं. तिथून सुरू होतं ते त्रिमितीय विश्व. त्यात ‘जीटीए ३’, ‘व्हाइस सिटी’ (२००२), ‘सॅन अँड्रियास’ (२००४), आणि आधी पीएसपी या सोनीच्या हातात धरायच्या यंत्रावर आलेले ‘लिबर्टी सिटी स्टोरीज’ (२००५) व ‘व्हाइस सिटी स्टोरीज’ (२००६) येतात. २००८च्या ‘जीटीए ४’पासून रॉकस्टारने पाटी कोरी केली. तिथून एचडी (हाय डेफिनिशन) विश्व: ‘जीटीए ४’, त्याचे ‘द लॉस्ट अँड डॅम्ड’ आणि ‘द बॅलड ऑफ गे टोनी’ हे दोन जोडभाग, निन्टेंडो डीएस या हातातल्या यंत्रासाठी आलेला ‘चायनाटाउन वॉर्स’ आणि २०१३चा ‘जीटीए ५’.

या दोन विश्वांत शहरांची नावं सारखी असतात, पण माणसं आणि घटना वेगळ्या. ‘जीटीए ३’मधली लिबर्टी सिटी आणि ‘जीटीए ४’मधली लिबर्टी सिटी या दोन स्वतंत्र जागा आहेत. दोन्ही न्यूयॉर्कवरून घेतलेल्या, तरी एकीचा दुसरीशी संबंध नाही. म्हणून ‘जीटीए ५’ खेळण्यापूर्वी आधीचे चार खेळलेच पाहिजेत, हा समज मनातून काढून टाका.

एका विश्वाच्या आतही काळ उलटसुलट आहे. त्रिमितीय विश्वातल्या गोष्टी घडतात त्या क्रमाने लावायच्या तर १९८४ (‘व्हाइस सिटी स्टोरीज’), १९८६ (‘व्हाइस सिटी’), १९९२ (‘सॅन अँड्रियास’), १९९८ (‘लिबर्टी सिटी स्टोरीज’) आणि २००१ (‘जीटीए ३’). हौशी मंडळी हा क्रम सुचवतात. पहिल्यांदा खेळणाऱ्याने तो पाळू नये असं मला ठामपणे वाटतं. या क्रमाने गेलात तर ‘सॅन अँड्रियास’चं अफाट जग पाहून झाल्यावर शेवटी ‘जीटीए ३’ वाट्याला येतो. त्याच्या मूळ आवृत्तीत उघडून पाहायला शहराचा मॅपही नाही, आणि नायक तोंडातून एक शब्द काढत नाही. बहुतेकांचा उत्साह तिथेच संपतो.

पायरी २: हातात काय आहे ते बघा

साधा, जुना, वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलेला लॅपटॉप असेल तर त्रिमितीय विश्वाचे मूळ गेम तुमच्यासाठी आहेत. ते वीसेक वर्षांपूर्वीच्या संगणकांसाठी बनले होते.

फोनच असेल तर ‘व्हाइस सिटी’ आणि ‘सॅन अँड्रियास’ दोन्ही मोबाइलसाठी आलेले आहेत. मात्र काचेवर अंगठा फिरवून गाडी चालवणं जमतं, नेम धरणं जमत नाही. ब्लूटूथ कंट्रोलर जोडता आला तर नक्की जोडा, नाहीतर निम्मी चिडचिड गेमवर न निघता काचेवर निघेल.

प्लेस्टेशन ५ असेल तर एक गोष्ट आधीच माहीत असू द्या: ‘जीटीए ४’ प्लेस्टेशन ४ किंवा ५ साठी आलेलाच नाही. एक्सबॉक्सवर तो जुन्या गेमच्या सोयीतून चालतो, पीसीवर मिळतो, पण सोनीच्या नव्या यंत्रावर नाही. प्लेस्टेशनवाल्यांसाठी निवड ‘जीटीए ५’ आणि त्रिमितीय त्रयीची (‘जीटीए ३’, ‘व्हाइस सिटी’, ‘सॅन अँड्रियास’) नवी आवृत्ती एवढ्यातच उरते.

‘जीटीए ५’साठी १०० जीबीहून जास्त जागा मोकळी ठेवा, आणि पीसीवरची २०२५ची सुधारित आवृत्ती घेणार असाल तर एसएसडी, म्हणजे वेगवान प्रकारची डिस्क हवीच. घरच्या इंटरनेटला डेटाची मर्यादा असेल तर डाउनलोड सुरू करण्याआधी तिचा हिशोब करा.

पायरी ३: आता भाग निवडा

*सायबर कॅफेत भटकलेल्यांनी* थेट ‘व्हाइस सिटी’ घ्यावी. ती लहान आहे: दोन मोठी बेटं, मधे छोटी बेटं, आणि कथा वीसेक तासांत संपणारी. नोकरी-संसार सांभाळून महिन्याभरात ती पुरी होते. १९८६ साल. पंधरा वर्षांची शिक्षा भोगून सुटलेल्या टॉमीला त्याचा जुना मालक सनी फोरेली व्यवहार करायला पाठवतो, बंदरावर गोळीबार होतो, पैसाही जातो आणि मालही. टॉमीला आवाज दिलाय हॉलिवूडचा अभिनेता रे लिओटा याने, आणि त्या आवाजातली धुमस तुम्ही मिशन न करता कधी ऐकलीच नसेल. ओळखीचे रस्ते, ओळखीचं ओशन व्ह्यू हॉटेल, आणि त्यांच्या आत दडून राहिलेली गोष्ट. ही पिढी ‘व्हाइस सिटी’ पूर्ण करते तेव्हा तिला जो आनंद मिळतो, तो दुसऱ्या कोणत्याही भागात मिळणार नाही.

*मालिकेशी काहीच ओळख नाही आणि यंत्र चांगलं आहे,* अशांनी ‘जीटीए ५’ची कथा खेळावी. नवख्याला सगळ्यात जास्त सांभाळून घेणारा भाग हाच. गाड्या हलक्या हाताने वळतात, मिशनच्या मधे चेकपॉइंट (फसलात तर जिथून पुन्हा सुरू करता येतं ते टप्पे) आहेत, आणि एखादा टप्पा तीनदा फसला तर तो ओलांडून पुढे जायचा पर्याय गेम स्वतः देतो. मायकल, फ्रँकलिन आणि ट्रेव्हर या तिघा नायकांमध्ये हवं तेव्हा अदलाबदल करता येते. एकाला सोडून दुसऱ्याकडे गेलात की तो आपल्या आयुष्यात काहीतरी करत असताना सापडतो, आणि ही कल्पना इतक्या वर्षांनंतरही ताजी वाटते. लॉस सँटोस म्हणजे लॉस एंजेलिस: टेकड्या, समुद्रकिनारा, आणि शहर सोडून उत्तरेला गेलं की वाळवंट.

*कादंबरी वाचल्यासारखं काही हवं असेल* तर ‘जीटीए ४’. माझ्या मते संपूर्ण मालिकेतलं सगळ्यात चांगलं लेखन इथे आहे. पूर्व युरोपातलं युद्ध अंगावर घेऊन आलेला निको बेलिक जहाजातून लिबर्टी सिटीत उतरतो. त्याच्या चुलत भावाने, रोमनने, पत्रांतून बंगला, मोटारी आणि ऐषआराम रंगवलेला असतो. प्रत्यक्षात असते झुरळांची खोली, डबघाईला आलेला टॅक्सीचा धंदा आणि सावकारांचा तगादा. परदेशी गेलेल्या नातेवाइकाच्या फुगवून सांगितलेल्या श्रीमंतीची ही गोष्ट आपल्याला परकी वाटणार नाही. पण हा भाग संथ आहे. पहिले काही तास गाडी चालवणं, निरोप पोचवणं, भावाचे फोन घेणं असेच जातात. गाड्या जड आहेत, वळणाआधी ब्रेक दाबला नाही तर थेट भिंतीत. धीर असेल त्यांनीच इथून सुरुवात करावी.

उरला ‘सॅन अँड्रियास’. अनेकांचा तो सर्वांत लाडका, आणि तरीही पहिला गेम म्हणून मी तो सुचवणार नाही. तीन शहरं, मधे खेडी, जंगल, वाळवंट. व्यायाम केला की नायक कार्ल जॉन्सनचे दंड भरतात, बर्गर खात सुटलं की पोट सुटतं. टोळ्यांचे इलाके जिंकायचे, विमान शिकायचं. पसारा एवढा मोठा की पहिल्याच वेळी खेळणारा मधेच कुठेतरी थांबतो आणि पुन्हा परतत नाही. ‘व्हाइस सिटी’ पूर्ण करून इकडे या, मग हाच पसारा मेजवानी वाटेल. आईच्या मृत्यूमुळे पाच वर्षांनी घरी परतलेल्या कार्लची ही गोष्ट तीसेक तास सहज घेते आणि ते तास वसूल करते.

*काय टाळायचं:* ‘जीटीए ऑनलाइन’ने सुरुवात करू नका. मित्र बोलावतील, आग्रह करतील. १ ऑक्टोबर २०१३ला सुरू झालेल्या त्या जगात इतकी वर्षं एकावर एक थर चढले आहेत. नवा माणूस तिथे येतो तेव्हा फोन एकसारखा वाजत असतो, मॅप चिन्हांनी भरलेला असतो, आणि वरून कोणीतरी रॉकेट सोडत असतं. कथा पूर्ण करून गेलात तर किमान शहर आणि गाडी तरी हाताखालची असेल.

पायरी ४: कोणती आवृत्ती घ्यायची

हा प्रश्न फक्त त्रिमितीय त्रयीपुरता आहे. ‘जीटीए ३’, ‘व्हाइस सिटी’ आणि ‘सॅन अँड्रियास’ यांची एकत्रित ‘डेफिनिटिव्ह एडिशन’ नोव्हेंबर २०२१मध्ये आली तेव्हा तिची अवस्था वाईट होती. चेहरे विद्रूप, पाऊस डोळ्यांत खुपणारा, चुकाच चुका. रॉकस्टारला जाहीर माफी मागावी लागली. पुढे दुरुस्त्या होत गेल्या, आणि नोव्हेंबर २०२४च्या मोठ्या अपडेटने मूळ गेमसारखा प्रकाश आणि आकाशाचे रंग परत आणले.

आज नवख्याला मी हीच आवृत्ती घ्यायला सांगेन, आणि कारण ग्राफिक्स नाही. तिच्यात शस्त्र निवडायचं चक्र आहे, मॅपवर रस्ता दाखवणारी रेघ आहे, आणि मिशन फसलं की तिथल्या तिथे पुन्हा सुरू करता येतं. मूळ ‘व्हाइस सिटी’त मेलात की शस्त्रं जातात, रुग्णालयाच्या दारात उभे राहता, आणि टॅक्सीने पुन्हा मिशनच्या ठिकाणी जावं लागतं. २००२ साली हे चालून गेलं. आज रात्री जेवणानंतर तासभर खेळणाऱ्याला ते परवडत नाही.

जुन्या लॅपटॉपवर मूळ आवृत्ती खेळणार असाल तर सेटिंगमधला फ्रेम लिमिटर (सेकंदाला किती चित्रं दिसावीत यावर मर्यादा घालणारा पर्याय) चालूच ठेवा. तो बंद केला की जुन्या इंजिनचं गणित बिघडतं आणि गाड्या, हालचाली विचित्र वागू लागतात.

संगीताबद्दलही एक सांगितलं पाहिजे. रेडिओवरची खरी गाणी ठरावीक मुदतीच्या परवान्यावर घेतलेली असतात. मुदत संपली की काही गाणी काढली जातात. ‘सॅन अँड्रियास’मधून २०१४मध्ये आणि ‘जीटीए ४’मधून २०१८मध्ये अशी गाणी गेली. जुन्या व्हिडिओत ऐकलेलं एखादं गाणं तुमच्या गेममध्ये लागलं नाही तर गेम बिघडलाय असं समजू नका.

पायरी ५: पहिल्या संध्याकाळी करायची कामं

सबटायटल चालू करा, सगळ्यात आधी. मराठी किंवा हिंदी सबटायटल नाहीत, आणि इंग्रजी बोली टोळ्यांची, वस्त्यांची, तुटक. त्यात निम्मं संभाषण गाडी चालवताना होतं. वाचत चालवायचं तर वेग कमी ठेवा. वेळेची अट नसलेल्या मिशनमध्ये संवाद संपेपर्यंत हळू जायला काही हरकत नसते, आणि कथेचा बराचसा रस त्या गाडीतल्या गप्पांमध्येच आहे.

सेव्ह कुठे होतं ते शोधा. ‘व्हाइस सिटी’त घरातली कॅसेट, ‘सॅन अँड्रियास’मध्ये फ्लॉपीचं चिन्ह, ‘जीटीए ५’मध्ये फोनवरूनही. किमान दोन वेगवेगळ्या जागी सेव्ह करत जा.

चीट कोड वापरायचे तर वापरा, पण त्यानंतर सेव्ह करू नका. ‘सॅन अँड्रियास’मध्ये रस्त्यावरचे लोक दंगल करू लागतील असा एक कोड आहे. तो टाकून सेव्ह केलं की त्या सेव्हमधून दंगल पुन्हा जात नाही. आधी सेव्ह, मग हवा तेवढा धुडगूस, मग जुना सेव्ह उघडून कथा पुढे.

घरात मुलं असतील तर हे गेम त्यांच्यासमोर लावू नका. मालिका प्रौढांसाठीच आहे, १८ वर्षांवरच्यांसाठी. ‘जीटीए ५’मध्ये एका माणसाचा छळ खेळणाऱ्याच्या हातून करून घेणारं मिशन आहे, आणि ते मोठ्यांनाही जड जातं.

पायरी ६: लोक जिथे अडकतात त्या जागा

‘व्हाइस सिटी’त पश्चिमेच्या बेटाकडचे पूल सुरुवातीला वादळाच्या इशाऱ्यामुळे बंद असतात. ते ‘नॉम पेन्ह ८६’ या हेलिकॉप्टरच्या मिशननंतर उघडतात. त्यापूर्वी वाट शोधण्यात वेळ घालवू नका. टॉमीला पोहता येत नाही, पाण्यात पडला की संपला.

खेळण्यातल्या हेलिकॉप्टरने बांधकामाच्या इमारतीत चार बॉम्ब ठेवायचं ते कुप्रसिद्ध मिशन आठवत असेलच. तिथे घड्याळ पहिला बॉम्ब उचलल्यावर सुरू होतं. त्याआधी रिकाम्या हेलिकॉप्टरने आत शिरा, जिने आणि मजले पाठ करा, वाटेत येणाऱ्या माणसांना पात्याने आडवं करा. मग बॉम्ब उचला. हे एवढं केलं की ते मिशन साधं होऊन जातं.

‘व्हाइस सिटी’ची कथा मधेच थांबल्यासारखी वाटेल, मॅपवर पुढचं चिन्ह दिसणार नाही. ही चूक नाही. ड्रग्जचा सरदार डियाझ याचा बंगला हाती आल्यावर शहरातले धंदे विकत घ्यायचे असतात. छापखाना घेऊन त्याची कामं पुरी केल्याशिवाय आणि आणखी काही धंदे चालते केल्याशिवाय शेवटची मिशन येत नाहीत. पैसे साठले की आधी छापखाना घ्या.

‘सॅन अँड्रियास’मधल्या आगगाडीच्या पाठलागात सगळे आगगाडीला चिकटून बाइक चालवतात आणि मागे बसलेल्या साथीदाराला, बिग स्मोकला, नेमच धरता येत नाही. बाजूच्या रुळांवरून, थोडं अंतर राखून चालवा. झिरो नावाच्या दुकानदाराची खेळण्यातल्या विमानाची मिशन डोकं फिरवतात, पण ती कथेसाठी आवश्यक नाहीत, सरळ सोडून द्या. वाळवंटातल्या धावपट्टीवरचं विमानशिक्षण मात्र टाळता येत नाही. ते शांतपणे, एका बैठकीत एक-दोन धडे असं उरका.

‘जीटीए ४’मध्ये रोमन आणि इतर मित्रांचे फोन नको असतील तर फोन स्लीप मोडवर टाका. पीसीवर खेळत असाल तर शेवटच्या टप्प्यातल्या एका प्रसंगात हेलिकॉप्टरवर चढायला बटण कितीही दाबलं तरी निको वर येत नाही. फ्रेमचा वेग सेकंदाला ३०वर बांधून पुन्हा प्रयत्न करा.

‘जीटीए ५’मध्ये दरोड्यांची आखणी करणारा लेस्टर सुपारीची कामं देतो. पहिलं कथेचाच भाग आहे, ते करावं लागतं. उरलेली चार कथा संपेपर्यंत राखून ठेवा. प्रत्येक कामाने शेअर बाजारात एखादी कंपनी वर किंवा खाली जाते, आणि शेवटच्या दरोड्याचा पैसा तिघांच्याही हाती आल्यावर तो आधी गुंतवून ही कामं केली तर रक्कम कितीतरी पट होते. घाईने उरकलेली कामं पुन्हा मिळत नाहीत.

पायरी ७: पहिला पूर्ण झाल्यावर

‘व्हाइस सिटी’नंतर ‘सॅन अँड्रियास’, आणि ‘जीटीए ३’ वाटलं तरच. त्याचा मुका नायक क्लॉड ‘सॅन अँड्रियास’मध्ये काही क्षण भेटतो. ओळखलात तर मजा, नाही ओळखलात तरी काही अडत नाही.

‘जीटीए ५’नंतर ‘जीटीए ४’कडे मागे जाताना दोन-चार दिवस गाडी हाताला जड लागेल. तेवढा वेळ द्या. आणि ‘जीटीए ४’ संपल्यावर त्याचे दोन जोडभाग सोडू नका. त्याच शहरात, त्याच दिवसांत घडणाऱ्या त्या दोन वेगळ्या माणसांच्या गोष्टी आहेत: एक मोटरसायकलवाल्यांच्या टोळीतला जॉनी क्लेबिट्झ, दुसरा नाइट क्लबच्या मालकाचा अंगरक्षक लुइस लोपेझ. हिऱ्यांचा एक व्यवहार तिघांच्याही वाटेत येतो. निकोच्या बाजूने धूसर दिसलेला प्रसंग पुढे जॉनीच्या आणि मग लुइसच्या बाजूने दिसतो, तेव्हा पूर्ण चित्र उलगडतं. तिन्ही याच क्रमाने खेळा: निको, जॉनी, लुइस.

‘जीटीए ६’साठी रॉकस्टारने १९ नोव्हेंबर २०२६ ही तारीख जाहीर केली आहे. तो प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सिरीजसाठी येणार आहे आणि पुन्हा व्हाइस सिटीत घडणार आहे, ल्युसिया आणि जेसन या जोडीसोबत. टॉमीची कथा त्यासाठी आवश्यक नाही. पण त्या शहराचं १९८६मधलं रूप आधी पाहायचं असेल, तर वीस तास काढणं अवघड नाही. आठवड्याला तीन संध्याकाळी दीड-दीड तास बसलात तर पाचव्या आठवड्यात टॉमीची गोष्ट संपलेली असेल.